लिंबाला टांगलेली डबी

आजवर कुणाला सांगितलं नाही ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लिहिताना हात आखडणार नाही. माझ्या प्रबंधात एक मुलगी आहे. तिचं नाव तिथं नाही, नुसतं एक अक्षर आहे. तिच्याविषयी मी लिहिलंय की शब्दाला शब्द जोडण्यात ती आपल्या वयाच्या मुलांच्या बरीच मागे आहे. ती मागे नव्हती. आणि प्रबंध बांधायला टाकण्याच्या आधीपासून मला ते ठाऊक होतं. ती मुलगी माझ्या सख्ख्या धाकट्या भावाची लेक. आरू.

सोयाबीन वाळायला लागलं की हे वर येतं. लातुरात आमच्या गल्लीच्या तोंडावरून मोंढ्याकडं, म्हणजे धान्यबाजाराकडं, जाणारे टेम्पो सुरू होतात, मागं भुसकटाची धूळ उडते, बायको गॅलरीतले कपडे घाईनं आत घेते आणि माझ्या नाकात तो वास शिरतो. वाळल्या पाल्याचा, थोडा कडवट, थोडा भाजक्या डाळीसारखा. आभाळात परतीच्या पावसाचे ढग असले तर सगळ्या जिल्ह्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. माझाही लागतो, कारण वेगळं. ह्या दिवसांत मला एक आवाज ऐकू येतो. दुपारच्या उन्हात उभ्या सोयाबीनच्या शेंगा आपोआप तडकतात. टच्. मग जरा थांबून, टच् टच्. त्या तडतडीच्या पुढं एक बाई बोलत असते आणि एक लहान पोर तिला उत्तर देत असतं.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. पण खरं वेड एकच, आणि ते अजून गेलेलं नाही: लहान मूल व्याकरण आणतं कुठून? चालायला शिकवताना आपण निदान त्याचं बोट धरतो. बोलण्यात तर कुणीच बोट धरत नाही. घरातले सगळे आपापल्या कामात, आपापल्या भांडणात बोलत असतात, आणि त्या गलबल्यातून दीड-दोन वर्षांचं पोर नियम वेचून घेतं. जे त्याला कुणी सांगितले नाहीत, आणि सांगा म्हटलं तर घरातल्या मोठ्यांनाही सांगता येणार नाहीत, असे नियम.

ह्याकडं बघायची एक रीत मला सापडली आणि मी तिच्या प्रेमातच पडलो. मुलाचं बोलणं रेकॉर्ड करायचं, ऐकून जसंच्या तसं लिहून काढायचं. मग प्रत्येक शब्दाला कागदावर एक ठिपका. मुलानं दोन शब्द एकाला लागून एक म्हटले की त्या दोन ठिपक्यांमध्ये रेघ. शब्दाचा अर्थ काय, त्याची जात कोणती, ह्याच्याकडं बघायचंच नाही. फक्त कोण कुणाला जोडलाय ते बघायचं. गावं आणि रस्ते. तेवढंच.

आणि खरोखर तसंच दिसतं. लहानपणी मुखेडच्या स्टँडवर गाडीची वाट बघत मी पाट्या वाचत बसायचो आणि कोणतं गाव कुठून कुठं लागतं ते मनात जुळवायचो. मुलाचं पहिलं बोलणं म्हणजे नुसत्या वस्त्या असतात. ‘दूध दे’. ‘आई ये’. ‘भूभू गेला’. एकेक वस्ती आपापल्या रानात, दोन-तीन घरांची. दुधापासून भूभूपर्यंत जायला वाट नाही. मग मूल दोन वर्षांचं होतं न होतं तोच, काही आठवड्यांच्या आत, कागदावर काहीतरी घडतं. सुटे सुटे ठिपके एकमेकांकडं धावायला लागतात. बघता बघता जवळजवळ सगळे एका मोठ्या जाळ्यात येतात. कुठल्याही शब्दातून निघा, मधे एखाद-दुसरी गाडी बदला, कुठल्याही शब्दाला पोचता. गंमत अशी की त्या आठवड्यांत नवे शब्द काही फार आलेले नसतात. एकाएकी रस्ते पडलेले असतात.

आणखी एक गोष्ट घडते, ती मला सगळ्यात जास्त आवडते. आधी गर्दी असते ती वजनदार शब्दांपाशी: आई, दूध, दे. मग ती सरकते. ज्यांना स्वतःचा म्हणून काही अर्थच नाही अशा चिल्लर मंडळींकडं जाते: ला, चा, पण, हाय, न्हाई. आमच्याकडं फाटे असतात तसं. फाट्यावर कुणी राहत नाही. एक चहाची टपरी, एक पंक्चरवाला, एक मोडका निवारा. पण उमरीला जायचं असो की जळकोटला, माणसाला उतरावं लागतं ते फाट्यावरच. व्याकरण म्हणजे असे फाटे पडणं, असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

नांदेडला माझ्या मार्गदर्शक सरांकडं मी हे सगळं कागद पसरून सांगितलं आणि विचारलं, “सर, हे फाटे पोराच्या डोक्यात आधीच असतात, का घरातल्यांच्या बोलण्यातून पडतात?”

सर म्हणाले, “आधी चहा घे. मला उत्तर माहीत असतं तर तुला कशाला घेतलं असतं?”

लातुरात ओळखीच्यांची काही मुलं मिळाली. फ्लॅटमधली. मी गेलो की त्यांच्या आया सोफ्यावर बसून पोरांशी अखंड बोलत, माझ्याशीही बोलत. “सर, काल तर हा असं म्हणाला की हसून हसून पुरेवाट.” खेड्यातलं एखादं मूल असावं म्हणून मी आरूला घेतलं. आमचं गाव मुखेड तालुक्यात. उदगीरवरून जळकोट, जळकोटहून मुखेडची गाडी, आणि फाट्यावर दत्ता मोटारसायकल घेऊन उभा. दत्ता म्हणजे माझा भाऊ. मी शिकलो, त्यानं शेत सांभाळलं. त्यामुळं असेल, माझ्या शब्दाला तो कधी उलटून बोलला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवायला पाहिजे होती. मी ठेवली नाही.

रेकॉर्डर काडेपेटीपेक्षा जरासा मोठा. आरू त्याला डबी म्हणायची. मी ओसरीवर बसलो की ती दारातून बघायची, मग अंग चोरत यायची आणि डबीवरच्या लाल दिव्यावर बोट ठेवायची. “डबी,” म्हणायची. मग माझ्याकडं बघून, “मोठे बाबा.” मग पुन्हा गप्प. मी खेळणी काढायचो, चित्रं दाखवायचो, “ही काय? गाय काय करती?” आरू म्हणायची, “गाय.” आणि दाराकडं बघायची.

दारामागं तिची आई असायची. लक्ष्मी. देगलूरच्या पलीकडं, अगदी हद्दीवरच्या गावची. माहेरी घरात तेलगू, बाहेर मराठी. लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिचा चेहरा नीट पाहिलेला नव्हता. थोरल्या दिरासमोर सुनेनं तोंड दाखवायचं नाही, आवाज काढायचा नाही, ही आमच्या घरची चाल. आईनं पाळली, चुलत्या पाळायच्या. मी ओसरीवर असलो की लक्ष्मी आत, पदर कपाळाच्या खाली. चहा चौकटीपाशी ठेवला जायचा, दत्ता उचलून मला द्यायचा. साखर कमी पडली तर मी दत्ताला सांगायचो, दत्ता दाराला सांगायचा. ती कुणी जुलमानं गप्प बसवलेली बाई होती असं नाही. मी नसताना ती कशी आहे हे मला माहीतच नव्हतं. आणि ती चाल माझ्या इतकी अंगवळणी पडलेली, की मी मुलीच्या बोलण्याचा अभ्यास करतोय आणि मी असेपर्यंत त्या मुलीची आई मुकी असते, हे मला एकदाही खटकलं नाही.

दत्तानं तर सांगितलंही होतं. एकदा मला फाट्यावर सोडताना हसत हसत म्हणाला, “दादा, तुझी डबी पोरीचं बोलणं गिळती का काय? तू गेलास की लई टकळी चालू अस्ती हिची. दिवसभर तोंडाला दम न्हाई.”

मी म्हटलं, “सगळ्या आईबापांना तसंच वाटतं.”

“असल बा,” तो म्हणाला. “तू शिकलेला हायस.”

कागदावर आरूच्या वस्त्या वस्त्याच राहिल्या. लातूरच्या मुलांचे फाटे पडून गेले, जाळी विणली गेली, आणि आरूचं अजून ‘गाय’, ‘डबी’, ‘पाणी दे’. पोळ्याला गावी गेलो होतो. बैलांना रंग देऊन झालेले, दत्ताच्या हाताला हिंगूळ लागलेला. मी त्याला जवळ बसवून सांगितलं, “दत्ता, पोरगी मागं पडून राहिली.”

त्याचा चेहरा उतरला. “म्हंजे? काही दवाखान्याचं हाय का?”

“दवाखान्याचं नाही. घरात दोन भाषा चालल्यात. आई एक बोलती, तू एक बोलतो. तिचा गोंधळ होऊन राहिला. काही दिवस घरात मराठीच ठेवा. नीट मराठी.”

दत्तानं मान वळवून आत आवाज दिला. “ऐकलीस का गं? दादा काय म्हणून राहिले? आजपासून तुझं ते तेलगू बंद. पोरीच्या जिवावर उठलीस का?”

आत भांडी घासायचा आवाज चालू होता. तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

इथं एक गोष्ट लपवून चालणार नाही. दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होत नाही, दोन्ही घरच्या असल्या तर मूल दोन्ही घेतं, हे मी त्याच वर्षी वर्गात शिकवलं होतं. पोरांच्या वह्यांत असेल अजून. वर्गात मला ते खरं वाटायचं. आमच्या ओसरीवर बसलो आणि दारामागच्या बाईचा प्रश्न आला, तेव्हा मी शिकवलेलं विसरलो आणि गावातला कुठलाही थोरला भाऊ जे बोलला असता ते बोललो.

त्या वर्षीची सुगी मी कशी विसरणार? दसऱ्याच्या सुट्टीत डबी घेऊन गेलो तर सगळं गाव रानात. घराला कडी. सोयाबीन कापायचं ते दवात, सकाळी सकाळी. ऊन चढलं की शेंग फुटते, दाणा मातीत जातो, म्हणून दुपारी विळे थांबतात. आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, लिंबाचं मोठं झाड आहे. त्याच्या फांदीला साडीची झोळी, खाली पाण्याची कळशी, भाकरीची फडकी. मी पोचलो तेव्हा बायका पेंढ्या टाकत होत्या. लक्ष्मीनं मला लांबूनच बघितलं, पदर ओढला आणि पाठ करून कापत राहिली.

कौसाबाई आमच्याकडं वर्षानुवर्षं कामाला येणारी. तिला कसली चाल नि कसलं काय. “मास्तर, आमच्या नातवाचं बी धरा की डबीत,” ती ओरडली. “असल्या शिव्या देतंय, तुमच्या डबीचा धूर निघल!”

बायका हसल्या. लक्ष्मीचे खांदे हलले, पण आवाज नाही.

मी आरूला झोळीतून काढलं, डबी चालू केली. “आरू, हे काय?” “शेंग.” “शेंगेत काय असतं?” आरू आईच्या पाठीकडं बघत राहिली. तेवढ्यात मुखेडच्या बाजूनं आभाळ काळं झालं. दत्ता धावत आला. कापलेल्या सोयाबीनची बनीम, म्हणजे गंजी, उघडी होती, ताडपत्री एकच, तीही फाटकी. “दादा, चल, मुखेडहून दोन ताडपत्र्या आणू. बस मागं.” मी होतो तसा उठलो. पिशवी लिंबाच्या फांदीला अडकवली. डबी पिशवीत. लाल दिवा चालूच होता, हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

ताडपत्र्या आणल्या, बनीम झाकली, चार थेंब पडून ढग निघून गेले. मी पिशवी घेतली आणि लातूरला आलो.

दिवाळीच्या आधी कधीतरी, दुपारी, स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं म्हणून मी इअरफोन लावून ते रेकॉर्डिंग ऐकायला घेतलं. माझा आवाज, दत्ताचा आवाज, मोटारसायकल सुरू होते, लांब जाते. मग शेंगा. टच्, टच्. मला वाटलं, एवढंच. बंद करणार तोच एक बाई बोलली.

मला क्षणभर कळेना ही कोण. आवाज भरदार, जरा घोगरा, सवयीनं बोलणाऱ्या माणसाचा. ही लक्ष्मी होती. काय काय बोलत होती! मुंगीबद्दल, आभाळाबद्दल, भाकरीचा पापुद्रा का फुगतो त्याबद्दल. मराठीतून तेलगूत आणि तेलगूतून मराठीत, पायवाटेवरून धुऱ्यावर आणि धुऱ्यावरून वाफ्यात जावं तशी. आणि आरू तिच्या पावलावर पाऊल.

“शेंग खाती का?”

“वद्दु.” म्हणजे नको.

“मग काय पायजे?”

“पाणी.”

घटाघटा पाणी प्यायल्याचा आवाज. “इंका,” आरू म्हणाली. इंका म्हणजे अजून.

“इंका पाणी?”

“न्हाई. इंका गोष्ट.” मग दम न खाता, “चिमणीला इंका पाणी दे न्हाई तर चिमणी रडती अन तिच्या आईला सांगती!”

लक्ष्मी हसली. कौसाबाईही कुठून तरी हसली, “बघा की गं, वकील हाय वकील.” इतक्या वर्षांत मी माझ्या भावजयीचं हसणं पहिल्यांदा ऐकलं, ते असं, कानात वायर घालून, लातूरच्या स्टाफरूममध्ये.

त्या रविवारी मी तेवढ्या दुपारचे ठिपके मांडले. मला विलक्षण आनंद झाला होता. कोडं सुटताना होतो तसा. रेघा भराभर येत होत्या. वस्ती अशी एकही उरली नाही. चिमणीपासून भाकरीपर्यंत, आभाळापासून मुंगीपर्यंत सगळीकडं जायला वाट. मधे तीन मोठे फाटे: ला, न्हाई, आणि इंका. तेलगूच्या रस्त्यावरच्या गाड्या मराठीच्या गावांना जात होत्या आणि कुठंही काही अडत नव्हतं. मी बघत बसलो. किती सुंदर असतं ते! एका अडीच वर्षांच्या पोरीनं लिंबाखाली बसल्या बसल्या अख्खा तालुका जोडून काढला होता.

मग मी रेकॉर्डिंग शेवटापर्यंत ऐकलं.

शेवटी लांबून मोटारसायकलचा आवाज येतो. आमचीच. बोलणं चालू असतं, आणि मग लक्ष्मी हळूच म्हणते, “गप. मोठे बाबा आले.” त्याच्या पुढं दोघींचाही आवाज नाही. गाडी थांबते, दत्ता कुणाला तरी ताडपत्रीची टोकं धरायला सांगतो, मी विचारतो, “आरू, काय करून राहिलीस?” आणि आरू काही बोलत नाही.

आनंद तिथं संपला. मी मोजत होतो ते आरूचं बोलणं नव्हतंच. मी आलो की घरात काय उरतं, ते मी इतके महिने मोजलं होतं. शब्दांच्या जोडीला त्या पोरीनं आणखी एक नियम उचललेला होता, आणि तो शिकवायला मी स्वतः दर महिन्याला बस पकडून जात होतो.

त्या दिवशी दत्ताला फोन करायचा होता. एकच वाक्य. मी केला नाही. मनाशी कारणं जमवली. ते रेकॉर्डिंग ठरवून केलेलं नाही. लक्ष्मीची परवानगी नाही, हे तर खरंच होतं. शेंगांचा आवाज आहे. शिवाय एका दुपारवरून काय ठरतं? पण लातूरच्या पोरांशी आरूची तुलना हा माझ्या प्रबंधाचा कणा होता. ती दुपार आत घेतली असती तर कणा मोडला असता. सगळं नव्यानं करावं लागलं असतं, आणि आरू मागे दिसली ती माझ्यामुळं, असं छापून द्यावं लागलं असतं. मी ती दुपार बाजूला ठेवली. सरांनाही सांगितली नाही. त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला होता. पुढं पदवी मिळाली, गावात सत्कार झाला, दत्तानं फेटा बांधला. चहा चौकटीपाशी ठेवला गेला.

पोळ्याच्या दिवशी दिलेला हुकूम मात्र तसाच राहिला. मागं घ्यायला कुणी आलंच नाही. त्या सुगीत लक्ष्मी तो चोरून मोडत होती, लिंबाखाली. पुढच्या वर्षी मी गेलो तेव्हा मी मळ्यातून जाणूनबुजून आडबाजूनं आलो, लपून ऐकावं म्हणून. लाज वाटते लिहायला. ती आरूशी मराठी बोलत होती. नीट मराठी. तुटक. “इकडं ये. हात धू. खा.” मुंगीबद्दल, आभाळाबद्दल काही नाही. दुसऱ्याच्या रानातल्या परक्या पोराशी बोलावं तसं.

नंतर मी बरेचदा कागदावर वेगळेच ठिपके काढत बसायचो. शब्दांचे नाही, माणसांचे. दत्ता आणि लक्ष्मी, रेघ. दत्ता आणि मी, रेघ. लक्ष्मी आणि आरू, ठळक रेघ, मी ती पुसट केलेली. आरू आणि मी, तुटक. लक्ष्मी आणि मी, काही नाही. माझं बोलणं तिच्यापर्यंत दत्ताच्या फाट्यावर गाडी बदलून जायचं, आणि तिचं माझ्यापर्यंत यायला गाडीच नव्हती. मुलं भाषा घरात शिकतात असं आपण सहज म्हणतो. घर म्हणजे कोण कुणाशी बोलू शकतो ह्याचं जाळं. कुठला शब्द कुणापर्यंत पोचेल हे तिथं आधीच ठरलेलं असतं. सरांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण आता तो प्रश्न मी जरा वेगळा विचारतो: पोरासमोर जे माणूस गप्प बसलंय, त्याचे फाटे पोर कुठून आणणार?

आरू सहावीत आहे. हुशार आहे, तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस आणते, माझ्याशी धिटाईनं बोलते. तिला बघून कुणी म्हणणार नाही की हिचं काही हुकलं. गेल्या दसऱ्याला लक्ष्मीची आई आली होती. ओसरीच्या कोपऱ्यात बसून तिनं नातीला जवळ ओढलं, आपट्याचं पान हातात दिलं आणि तेलगूत काहीतरी लांबलचक सांगायला लागली. हात नाचवत, मधेच हसत, मधेच डोळे पुसत. आरू गोड हसत ऐकत राहिली. संपल्यावर दाराकडं बघून विचारलं, “आई, अम्मम्मा काय म्हणून राहिली?”

आतून लक्ष्मीचा आवाज आला, मी बसलेलो म्हणून अगदी खालच्या पट्टीत. “काही न्हाई. मोठी हो म्हणली.”

एवढ्या मोठ्या गोष्टीतलं तेवढंच पोचलं. म्हातारीनं लेकीकडं पाहिलं, मग पानं आवरायला घेतली.

यंदा ठरवून गेलो. दुपारचीच वेळ, विळे थांबलेले. बायका लिंबाखाली भाकरी खात होत्या, लक्ष्मी मला बघून झाडाच्या पलीकडं जाऊन बसली, पाठ करून. आरू सुट्टीची म्हणून आलेली, कळशीला टेकून मोबाइल बघत होती. मी दत्ताशेजारी पेंढीवर बसलो. लक्ष्मीला ऐकू जाईल इतक्या अंतरावर. आवाजही जरा चढाच ठेवला.

“दत्ता, पोळ्याला मी तुला एक सांगितलं होतं. आरू लहान होती तेव्हा. घरात तेलगू बोलू नका म्हणून.”

“हाव, मग?”

“ते चुकलं होतं माझं. पोरगी मागं नव्हती.”

दत्ता भाकरीचा घास हातात धरूनच खो खो हसला. “अरे दादा! ते घेऊन बसलास व्हय इतके दिवस? पोरगी स्टेजवर उभी राहून माइक सोडंना. तुझ्यामुळंच झालं म्हणतो मी तर. खा, ठेचा घे.”

“तसं नाही दत्ता, ऐक ना...”

“बस झालं रे. लई विचार करतो तू. म्हणून केस गेले.”

कौसाबाई हसली. आरूनं मोबाइलमधून मान वर करून विचारलं, “मोठे बाबा, तेलगूचं काय?” आणि मी, इतकं ठरवून आलेला माणूस, म्हणालो, “काही नाही.”

झाडाच्या पलीकडं लक्ष्मीची पाठ दिसत होती. भाकरी मोडणारा हात थांबला होता, का तिचं खाऊन झालं होतं, सांगता येत नाही. मी उठलो. धुऱ्यानं चालत निघालो. टच्, टच्, दोन्ही बाजूंनी शेंगा तडकत होत्या. वळणापाशी गेल्यावर मागून तिचा आवाज आला, तोच भरदार, घोगरा. आरूला काहीतरी सांगत होती, बरंच काही. कुठल्या भाषेत ते वाऱ्यानं कळू दिलं नाही. मी थांबलो असतो तर ती पुन्हा गप्प झाली असती, म्हणून चालत राहिलो.

दत्ताला सांगितलं ते अर्धंच होतं. चुकलो एवढं सांगितलं. चुकलो हे कळल्यावरही गप्प बसलो, ते सांगितलं नाही. आणि ज्या माणसाला सांगायचं होतं त्याची माझ्याकडं पाठ होती.

मी लक्ष्मीला हे देणं लागतो: मधे दत्ता नको, चौकट नको, तिच्या तोंडाकडं बघून मी म्हणायचं आहे, की तुझी लेक मागं नव्हती, तुझ्या बोलण्यात काही खोट नव्हती, आणि मला ते त्याच दिवाळीत कळलं होतं. लिंबाखालची ती दुपारही तिची आहे, तिच्या परवानगीशिवाय माझ्याकडं राहिलेली. ती तिला द्यायची आहे, आरूला ऐकवायची की नाही हे तिनं ठरवायचं. आजपर्यंत ह्यातलं काहीही मी दिलेलं नाही.